कार्डावरची खालची ओळ

१

बंद गाडीत, काचेच्या आत बसलेला माणूस उन्हाने पोळतो, हे लेबल तपासणी कार्यालयात आधी कोणाला खरं वाटेना. पण तक्रार घेऊन आलेले मास्तर शाळेत गणित शिकवत, आणि त्यांनी सगळं प्रमेयासारखं पायरीपायरीने मांडून आणलं होतं.

त्यांच्या बायकोला उन्हाचा आजार होता. जन्मापासूनचा. अंगावर ऊन पडलं की कातडीच्या आत निखारे ठेवल्यासारखी आग होई, सूज येई, आणि ती चार-चार दिवस उतरत नसे. घराच्या खिडक्यांना जाड काळे पडदे होते. बाहेर जायचं ते दिवस मावळल्यावर. अशी माणसं घरात कोंडून बसतात ती आयुष्यभरच, पण मास्तरांनी बायकोला बंद गाडीतून का होईना फिरवायचं ठरवलं. सगळ्या काचांना आतून पडदे शिवून घेतले, पुढच्या सीटांमागे चंदेरी आडोसा केला, आणि मागच्या उजव्या खिडकीला नव्याण्णव टक्के अतिनील किरण अडवणारी महागातली फिल्म लावून घेतली. एवढ्या एका खिडकीचा पडदा सरकवून तिला बाहेर बघता यावं, एवढाच हेतू.

फिल्म गुरुवारी लागली. रविवारी त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीची धावण्याची शर्यत होती. गाडी मैदानाच्या कडेला लावली, आणि बायको त्या खिडकीशी तीन तास बसली. संध्याकाळी तिचा उजवा गाल आणि उजवा हात सुजून टरटरला. चौथ्या दिवशीही तिला पाण्याचा पेला धरवत नव्हता.

"फिल्म खोटी आहे," मास्तर म्हणाले. "दुसरं उत्तर येतच नाही."

तक्रार बारीकबाईंकडे आली. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. नाव पडलं होतं ते बारीक अक्षरांमुळे. डबा असो, बाटली असो, त्या आधी उलटी करून तळाशी काय छापलंय ते वाचत. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर बाई आधी छापखान्याचा पत्ता वाचतात, असं कार्यालयात म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मास्तरांनी फिल्मचं वॉरंटी कार्ड पुढे केलं. मोठ्या निळ्या अक्षरांत नव्याण्णव टक्के. खाली एक गोल सोनेरी स्टिकर: उन्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी सुरक्षित.

बाईंनी अतिनील किरण मोजायचं मीटर घेतलं, खाली जाऊन मास्तरांच्या गाडीची काच मोजली. एकदा मोजली, पुसून पुन्हा मोजली.

आकडा नव्याण्णवच आला. फिल्म खरी होती.

२

दुकान मोठ्या रस्त्याला होतं. आत साबणाच्या पाण्याचा आणि गोंदाचा वास. भिंतीला फिल्मचे रोल उभे करून ठेवलेले, आणि मध्ये एक पांढरी गाडी चारी दारं उघडून उभी.

मालक सुकलेल्या चेहऱ्याचा होता. बाईंनी काही विचारायच्या आत तो सांगू लागला, की ज्याने काम केलं त्या कारागिराला त्याने कालच घरी बसवलंय. उस्ताद म्हणत त्याला सगळे. बावीस वर्षं दुकानात होता. मास्तर दुकानात येऊन बोलले तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला. ना हो म्हणाला, ना नाही. मालकाच्या मते जो माणूस बोलत नाही, त्याने काहीतरी केलेलं असतं.

"पण फिल्म तर खरी आहे," बाई म्हणाल्या.

मालक गडबडला. मग उस्तादाला काढला कशाला, हे त्याचं त्यालाच कळेना.

त्याच वेळी दुकानात आणखी एक जण चहा पीत बसला होता. फिल्म पुरवणाऱ्या कंपनीचा एजंट. इस्त्रीचा शर्ट, बोलणं तुपासारखं. त्याने सांगितलं की त्यांची फिल्म प्रयोगशाळेत तपासलेली आहे, कागद दाखवायला तो कधीही तयार आहे. सोनेरी स्टिकरचं विचारल्यावर मात्र त्याने कप खाली ठेवला. ते स्टिकर म्हणे गिऱ्हाइकाला धीर वाटावा म्हणून आहेत. पानंच्या पानं छापून तो दुकानादुकानात देतो.

"आजारी माणसांवर तपासून छापलेत?"

"मॅडम, नव्याण्णव टक्के म्हणजे राहिलं काय?"

बाईंनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मागवला. सगळ्यांवर मालकाने स्वतःच्या हाताने स्टिकर लावले होते, वरच्या उजव्या कोपऱ्यात. मास्तरांच्या कार्डावर मात्र तो तळाला होता. बाईंनी ते कार्ड तिरकं धरून उजेडाशी नेलं. वरच्या कोपऱ्यात एक गोल ठसा होता. तिथला कागद किंचित खरखरीत झालेला.

कोणीतरी स्टिकर वरून काढून खाली लावला होता.

मालकाकडे गाडी सोपवतानाचे फोटो असत, काचेवर ओरखडा आहे म्हणून कोणी नंतर भांडायला येऊ नये म्हणून. त्यात मास्तरांच्या गाडीच्या टपावर ते कार्डही ठेवलेलं होतं. गुरुवार, सकाळी अकरा. स्टिकर वरच्या कोपऱ्यात. आणि मास्तर असे शिस्तीचे, की गुरुवारी संध्याकाळी शाळेतून आल्याआल्या त्यांनीही कार्डाचा फोटो काढून ठेवला होता. त्यात स्टिकर तळाला.

मधल्या वेळात गाडी आणि कार्ड उस्तादानेच घरी नेऊन दिलं होतं.

बाईंनी एक कोरं कार्ड घेतलं आणि मास्तरांच्या कार्डावर स्टिकरखाली झाकली गेलेली तळाची जागा त्यावर पाहिली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती.

३

ओळ अशी होती: मोजणी ३८० नॅनोमीटरपर्यंतच्या किरणांची.

बाईंना लेबलं वाचता येत. ही ओळ वाचता आली तरी समजली नाही. त्या मास्तरीणबाईंच्या डॉक्टरांकडे गेल्या. मास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाईच म्हणत, त्यांनी कधी शाळेत शिकवलं नसलं तरी.

डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना शिकवायची हौस होती. त्यांनी टेबलावर मोजपट्टी ठेवली. किरणांची अशी एक मोजपट्टी असते, म्हणाले. इथवर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, आणि इथून पुढे दिसणारा उजेड, सुरुवातीला जांभळा. तुमच्याआमच्या कातडीला त्रास देतात ते न दिसणारे. या आजाराला जाळतो तो त्याच्या पलीकडचा, दिसणारा जांभळा. तो साध्या उन्हातही भरपूर असतो. फिल्म ३८०वर थांबते. या बाईंचा वैरी चारशेच्या पुढे बसलाय.

त्यांनी खणातून जांभळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी काढून दिली. बाईंनी परत जाऊन ती मास्तरांच्या गाडीच्या काचेवर धरली. जांभळा उजेड फिल्ममधून सरळ पलीकडे गेला आणि सीटवर पडला.

म्हणजे नव्याण्णव हा आकडा खरा होता, आणि तरी त्या बाईंच्या बाबतीत त्याला काडीचा अर्थ नव्हता. हे सांगणारी ओळ कार्डावर होती. आणि ती कोणीतरी मुद्दाम झाकली होती.

निघताना बाईंनी डॉक्टरांना एक साधी गोष्ट विचारली होती. आग सुरू व्हायला किती वेळ लागतो?

"दहा मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "फार तर पंधरा."

बाई जिन्यातच थांबल्या. मास्तरीणबाई तर तीन तास बसल्या होत्या.

४

उस्तादाचं घर दोन खोल्यांचं. तो खिडकीत बसून जुन्या रबरी पट्टीची धार घासत होता, ज्या पट्टीने फिल्मखालचं पाणी ओढून काढतात. काम नसताना हाताला काहीतरी लागतं, म्हणाला.

बाईंनी त्याला कार्ड दाखवलं. त्याने ते हातात घेतलं आणि अंगठा स्टिकरवरून नकळत फिरवला. तिथे दोन बुडबुडे होते आणि कडेला एक सुरकुती. अंगठा त्या सुरकुतीशी अडला, तिला दाबून बघू लागला. बाई ते बघत होत्या. ज्याने बावीस वर्षं काचेवर एक बुडबुडा राहू दिला नाही, त्याच्या हातून एवढासा स्टिकर वाकडा लागेल? घाईत लावला तरी हाताची सवय कुठे जाणार?

"हे तुम्ही लावलं नाही," बाई म्हणाल्या.

त्याने कार्ड परत दिलं आणि पुन्हा पट्टी घासू लागला.

"तुमची बावीस वर्षांची नोकरी गेली. तरी बोलत नाही. कोणाला तरी शब्द दिलाय."

त्याने पट्टी खाली ठेवली. मग एवढंच सांगितलं, की गुरुवारी दार मास्तरीणबाईंनी उघडलं, पडद्याआड उभं राहून. कार्ड देताना त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं होतं. तिचा अर्थ त्यालाही नीट ठाऊक नव्हता, पण आजारी माणूस आहे, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या, असं तो म्हणाला होता.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"ते मी सांगणार नाही, बाई. ते त्यांनी सांगावं."

बाईंनी आग्रह केला नाही. गल्लीतून परत येताना त्यांना त्यांचा मुलगा आठवत होता. तो मालवाहू जहाजावर कामाला होता. तीन वर्षं झाली, तो फोनच्या पडद्यावरच दिसे; कधी आवाज पुढे, ओठ मागे. गेल्या खेपेला दाढी वाढवली होती आणि ती पांढरट वाटली. खरंच पिकली होती की तिथला उजेडच तसा, हे बाईंना कळलं नव्हतं. त्यावरून त्या दोन रात्री तळमळल्या होत्या, आणि कोणाला सांगावं असं ते नव्हतंच.

५

मास्तरीणबाईंच्या खोलीत दुपारी दोनलाही दिवा होता. भिंतीला टेकून टेबल, टेबलावर कागदांची चळत, आणि एक मोठं भिंग. त्या औषधांच्या पाकिटात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं छापण्याआधी तपासत. घरबसल्या करता येण्यासारखं काम. उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता, म्हणून डाव्या हाताने खुणा करायची सवय करत होत्या. वर्ण कागदासारखा, डोळे मोठे. चहा स्वतः करते म्हणाल्या. बाईंनी करू दिला नाही, आत जाऊन स्वतःच करून आणला.

बाईंनी आधी कामाचं विचारलं. मास्तरीणबाई खुलल्या. आदल्या महिन्यात एका पत्रकात दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. छापखान्यात चार जणांनी ते पाहिलं होतं, कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या आलं.

"आणि या कार्डाची खालची ओळ तुमच्या ध्यानात आली नाही," बाई म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी कप खाली ठेवला.

बाईंनी आवाज चढवला नाही. एकेक सांगत गेल्या. स्टिकर गुरुवारी अकरानंतर हलला आणि संध्याकाळच्या आत हलला. त्या वेळात कार्ड दोघांच्याच हातात होतं. उस्तादाने लावला असता तर बुडबुडा राहिला नसता. आणि ज्याने ओळ झाकायची, तो तिच्यावर बोट ठेवून दाखवेल कशाला? मास्तर घरात नव्हते. शिवाय पोळायला दहा मिनिटं लागतात, आणि पडदा हाताशी होता. ज्याला काचेने फसवलंय तो माणूस अकराव्या मिनिटाला पडदा ओढून घेतो. तुम्ही तीन तास ओढला नाहीत. मास्तर दर वीस मिनिटांनी येऊन विचारत होते, असं त्यांनी तक्रारीत लिहिलंय. तुम्ही दर वेळी छान आहे म्हणालात.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं," बाई म्हणाल्या. "आजार जन्माचा, कुठला उजेड जाळतो ते तुम्हाला ठाऊक; ओळ वाचल्यावर लगेच कळलं. आणि मास्तरांना कळू नये म्हणून तुम्ही ती झाकलीत."

मास्तरीणबाईंनी कागदांवरचं भिंग उचलून बाजूला ठेवलं.

"ते सगळं वाचतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सोळा वर्षं माझ्यासाठी सगळं वाचताहेत. दिव्याच्या खोक्यावरचंसुद्धा. ही ओळ वाचली असती तर दुसऱ्याच दिवशी फिल्म काढून पडदा शिवला असता. उस्तादांना मी म्हटलं, ह्यांना सांगू नका, मी बघते. त्यांची नोकरी जाईल असं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं होतं, दुखेल, चार दिवस दुखेल, आणि कोणाचं काही बिघडणार नाही. तक्रार करू नका म्हणून मी किती सांगितलं ह्यांना. ऐकेनात. आणि खरं सांगायला तोंड उघडेना."

बाईंनी विचारलं, एवढं काय बघायचं होतं? शर्यतीचे फोटो तर मास्तरांनी शंभर काढले असते.

"फोटो बघते की. सगळे बघते." त्या फडक्यातल्या हाताकडे बघत होत्या. "मुलगी झाली ती दवाखान्यात, खिडक्या झाकून. तेव्हापासून मी तिला दिव्यातच बघितलंय. सकाळी ती उन्हात निघून जाते, संध्याकाळी येते. मधली मुलगी मला ठाऊकच नाही. बाहेर गेल्यावर ती कशी असते, डोळे कसे बारीक करते, काही ठाऊक नाही. पुढच्या वर्षी ती शिकायला लांब जाणार. मग तर संध्याकाळचीही दिसणार नाही."

"दिसली?"

"दिसली." त्यांचा चेहरा सुजलेल्या बाजूनेसुद्धा उजळला. "तिची सावली दिसली. घरात दिव्यांच्या सावल्या पडतात त्या फिक्या असतात, दोन-दोन, तीन-तीन. मैदानात एकच होती, काळीभोर. तिच्या पायाला धरून पळत होती. शेवटच्या वळणावर ती पुढे गेली आणि सावलीही पुढे गेली. मी म्हटलं, अगं बाई, ही एवढी मोठी कधी झाली?"

दाराशी काहीतरी हललं. मास्तर शाळेतून लवकर आले होते. किती वेळ उभे होते, कोणास ठाऊक.

६

मास्तरांनी पिशवी खुर्चीवर ठेवली. रागावले असतील असं बाईंना वाटलं होतं. ते टेबलापाशी आले, बायकोच्या हातावरचं फडकं कोमट झालं होतं ते सोडवलं, भांड्यातल्या गार पाण्यात बुडवून पिळलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं, अहो."

बाई उठल्या, तेव्हा मास्तरांनी विचारलं की आता तक्रारीचं काय होणार. मागे घ्यावी लागेल ना? बाईंनी सांगितलं की नाही.

अहवालात त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहिलं. स्टिकर कोणी हलवला तेही लिहिलं, कारणासकट. सुनावणीला एजंटाने नेमकं तेच धरलं. गिऱ्हाइकानेच ओळ झाकली, म्हणाला, तर आमचा दोष काय? बाईंनी दुकानातलं दुसरं कार्ड पुढे केलं, ज्याला कोणी हात लावला नव्हता. स्टिकर वर असो की खाली, म्हणाल्या, त्यावर सुरक्षित असं लिहिलंय, आणि ते कुठेही चिकटवलं तरी खोटंच आहे. ही ओळ या बाईंना वाचता आली, कारण बारीक अक्षरं वाचणं हेच त्यांचं काम. बाकीच्या आजारी माणसांनी तो सोनेरी गोल वाचला असेल आणि विश्वास ठेवला असेल.

स्टिकर सगळ्या दुकानांतून परत घ्यायचा हुकूम निघाला, आणि नव्याण्णवच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मोजणी कुठवरची आहे ते छापायचा. मालक स्वतः उस्तादाच्या घरी गेला. काय बोलणं झालं ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उस्ताद कामावर होता.

महिन्याभराने मास्तर कार्यालयात आले. छापखान्यांत आणि प्रयोगशाळांत एक पिवळी फिल्म वापरतात, ती जांभळा उजेडही अडवते, असं उस्तादाने कुठूनसं शोधून काढलं होतं. डॉक्टरांनी दिवसाला थोडा वेळ चालेल म्हटलं होतं. घराच्या रस्त्याकडच्या खिडकीला ती लावायची होती. पण त्याआधी बाईंनी तपासून द्यावी, एवढी विनंती होती.

बाई रजा टाकून गेल्या. फिल्मच्या वेष्टनावरचं अक्षर अन् अक्षर त्यांनी वाचलं, मग मास्तरीणबाईंनी भिंगातून वाचलं, मग मास्तरांनी. उस्तादाने काच तीनदा धुतली, फिल्म चढवली, आणि पट्टीने पाणी असं ओढलं की नुसतं बघत राहावं. बाईंनी जांभळी बॅटरी काचेवर धरली. पलीकडे काही आलं नाही. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मान डोलावली.

मास्तरांनी काळा पडदा सरकवला. खोलीत पिवळं ऊन आलं. टेबल पिवळं, कागद पिवळे, मास्तरीणबाईंचे हातसुद्धा. त्या आधी भिंतीला टेकूनच उभ्या होत्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग त्या एकेक पाऊल टाकत खिडकीशी गेल्या.

चारला सरावावरून मुलगी कोपऱ्यावर दिसली. खांद्याला पिशवी, बूट हातात. रोजच्यासारखी खाली बघत येत होती. दाराशी आल्यावर कशाने तरी तिने वर पाहिलं, आणि खिडकीत आई दिसली.

ती आत आली नाही. बूट खाली ठेवले, आणि आईचं बघून होईपर्यंत तशीच उन्हात उभी राहिली.